आईचा कोड नंबर ९२

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी गेले ती एसीसाठी! एप्रिल महिना, दुपारचे तीन, घरातली लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय आणि डेडलाइन संध्याकाळची. तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला, 'आमच्या डिपार्टमेंटला सेमिनार आहे, कुणीही येऊ शकतं, मागच्या रांगेत प्लग पॉइंट आहेत, नंतर चहा-समोसा.' फ्रीलान्सरला आणखी काय हवं?

मैत्रीण अर्थशास्त्रात पीएचडी करतेय. म्हणजे गेली काही वर्षं करतेच आहे... तिच्या विद्यापीठात एक संशोधन गट आहे आणि त्यांचा दर गुरुवारी साडेतीनला सेमिनार असतो. (विद्यापीठाचं नाव लिहीत नाहीये. पुढच्या गुरुवारीही मला तिथे जायचंय!) मी पडले मास कॉमवाली. अर्थशास्त्राचं आणि माझं नातं म्हणजे बजेटच्या दिवशी 'काय स्वस्त, काय महाग'चा चौकोन भरणं, एवढंच.

माझ्या डोक्यात चित्र होतं ते व्याख्यानाचं. पुणेकराला व्याख्यान म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हे शहर खुर्चीवर बसून ऐकतंय. अर्थशास्त्राच्या बाबतीतही आपली परंपरा मोठी. गोखले इन्स्टिट्यूट १९३० साली सुरू झाली आणि तिच्या काळे स्मृती व्याख्यानात २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. संघराज्याच्या योजनेची त्यांनी केलेली चिरफाड पुढे पुस्तक म्हणून छापली गेली आणि आजही वाचली जाते. असं व्याख्यान म्हणजे पूर्ण झालेली वस्तू. वक्ता ती घेऊन येतो, आपण डोळे भरून बघतो, टाळ्या वाजवतो, कुणीतरी आभार मानतं आणि आपण घरी जातो.

इथे तसलं काहीच नव्हतं. समई नाही, गुच्छ नाही, 'आपल्या व्यग्र दिनक्रमातून वेळ काढून' नाही. एक प्रोजेक्टर, वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी चपला काढून मांडी घालून खुर्चीवर बसलेली. वक्ता कुठल्याशा दुसऱ्या शहरातून आलेला प्राध्यापक. त्याने दुसरी स्लाइड लावली आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, 'एक मिनिट, हे असं का मानायचं?'

मला वाटलं, झालं, आता भांडण! पण वक्ता म्हणाला, 'तेच सांगायला आलोय, पण तुमची शंका बरोबर आहे.' मग दुसऱ्याने तिसऱ्याला उत्तर दिलं, चौथ्याने फळ्यावर जाऊन एक रेघ ओढली, आणि दुसऱ्या स्लाइडवर पंचवीस मिनिटं गेली. त्या दिवशी तो माणूस अर्ध्या स्लाइड्सपर्यंतही पोचला नाही आणि शेवटी सगळे खूश! मी लॅपटॉप चार्जिंगला लावला होता, पण डेडलाइनचं एक वाक्यही लिहून झालं नाही.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. आता रिटायर झालेत, साताऱ्यात असतात. लहानपणी मी डबा द्यायला जायचे तेव्हा तिथे गाडी उघडून ठेवलेली असायची. इंजिन बाहेर, नटबोल्ट फडक्यावर मांडलेले, आणि चार माणसं त्यात डोकं घालून एकमेकांशी हुज्जत घालतायत. अर्थशास्त्राच्या या प्रकारालाही वर्कशॉप म्हणतात, हे कळल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. व्याख्यान म्हणजे स्टँडवर लागलेली धुतलेली गाडी. हे म्हणजे डेपोच्या मागची बाजू.

तर मी जायला लागले. दर गुरुवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. हळूहळू तिथली भाषा कळायला लागली. 'फक्त एक क्लॅरिफिकेशन' असं कुणी म्हणालं की समजायचं, सुरी बाहेर आली. 'इंटरेस्टिंग' म्हणजे पटलेलं नाही. 'यावर आपण नंतर बोलू' म्हणजे उत्तर नाहीये, समोसा खाताना गाठू नका. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'पण उलटंही असू शकेल ना?' हा प्रश्न बसल्या जागी कुणाचाही दोन वर्षांचा अभ्यास आडवा करू शकतो. तुम्ही म्हणाल, शिकलेली मुलं नोकरी करतात म्हणून घरं श्रीमंत आहेत. मागून कुणीतरी विचारतं, की घरं श्रीमंत आहेत म्हणून मुलं शिकली? आणि मग तुम्ही बसा घाम पुसत.

आता तुमच्या-माझ्या ऑफिसातलं प्रेझेंटेशन आठवून बघा. तिथे शेवटची स्लाइड 'एनी क्वेश्चन्स?' अशी असते आणि ती फक्त सजावटीसाठी असते. कुणी खरंच प्रश्न विचारला तर बॉस त्याच्याकडे असा बघतो, की पुढच्या अप्रेझलपर्यंत तो तोंड उघडत नाही.

या धोबीघाटाचा फंडा मूळ शिकागोचा, असं मैत्रीण सांगते. तिथे मिल्टन फ्रीडमनचं पैसा आणि बँकिंगवरचं वर्कशॉप १९५०च्या दशकापासून चालायचं. पेपर सगळ्यांनी आधी वाचून यायचं, लेखकाला सुरुवातीला दोन-चार मिनिटं द्यायची आणि लगेच पान पहिलं काढायचं. यातला भन्नाट किस्सा १९६०चा आहे. रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं एक म्हणणं शिकागोवाल्यांना साफ चूक वाटत होतं. म्हणून त्याला बोलावून घेतलं आणि ॲरन डायरेक्टर यांच्या घरी संध्याकाळी सगळे जमले. जॉर्ज स्टिगलर यांनी नंतर लिहून ठेवलंय, की सुरुवातीला मतं पडली वीस विरुद्ध एक. तो एक म्हणजे स्वतः कोस! दोन तास कचाकचा वाद झाला आणि शेवटी एकवीसच्या एकवीस मतं कोसच्या बाजूने. कोसला १९९१ साली नोबेल मिळालं. मला नोबेलपेक्षा ती वीस माणसं ग्रेट वाटतात. दोन तासांत 'माझं चुकलं' म्हणणारी वीस माणसं आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवा बरं!

अर्थात सगळं गोडगोड नाही. या प्रश्नांच्या भडिमारात सगळ्यांना सारखंच भाजतं असंही नाही. पास्कलिन द्युपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर चक्क सेमिनारांचाच अभ्यास केला. कोण बोलतंय, त्याला किती प्रश्न विचारले, कुठल्या सुरात विचारले, याची नोंद केली आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले. वक्ता बाई असेल तर तिला जवळपास १२ टक्के जास्त प्रश्न विचारले जातात आणि 'तुला कळत नसेल तर मी सांगतो' छापाचे किंवा खवचट प्रश्न तिच्या वाट्याला जास्त येतात. हे वाचल्यापासून मीही वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागले. माझ्या रेघांना काही शास्त्रीय अर्थ नाही, पण एका गुरुवारी एक ज्येष्ठ सर एका मुलीला तिच्याच पेपरचं पहिलं पान समजावून सांगत होते, ते मी पाहिलंय. ती शांतपणे म्हणाली, 'हो सर, हे मीच लिहिलंय.' हॉलमध्ये जो हशा पिकला...

आता मुद्द्याचं. सप्टेंबरमध्ये मी एका मासिकासाठी स्टोरी करत होते, बायका कामावर परतल्या यावर. मसाला तयार होता. सरकारचं जे श्रमशक्ती सर्वेक्षण होतं, त्यात १५ वर्षांवरच्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ साली २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ला ४१.७ टक्के झालं. सहा वर्षांत एवढी उडी! मी दोन कॅफे मालकिणी, एक स्टार्टअपवाली आणि एक झुंबा ट्रेनर गाठली होती. हेडिंगही ठरलं होतं, 'ती परत आलीये!' फक्त एखाद्या तज्ज्ञाचं वाक्य हवं होतं, आणि त्याच गुरुवारी नेमकं बायकांच्या कामावर वर्कशॉप होतं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

बोलणारी मुलगी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याकडे निकाल-बिकाल काहीच नव्हते. होती फक्त एक प्रश्नावली, जी घेऊन ती पुढच्या महिन्यांत घरोघर जाणार होती. संपूर्ण दोन तास त्या प्रश्नावलीवरच होते. त्यातही तासभर एका वाक्यावर: 'घरातली स्त्री काम करते का?'

आधी माझ्या हेडिंगची वाट लागली. तिने सांगितलं, की वाढ झालीये ती प्रामुख्याने खेड्यांत, आणि त्यातला मोठा भाग स्वतःचा छोटा उद्योग करणाऱ्या किंवा घरच्या शेतीत-दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकांचा आहे. म्हणजे माझी झुंबा ट्रेनर त्या उडीत जवळपास नव्हतीच. मागून लगेच प्रश्न आला, की या बायका नव्याने कामाला लागल्या, की आधीपासून करतच होत्या आणि आता नीट विचारलं म्हणून मोजल्या गेल्या? यावर दोन प्राध्यापकांची जुंपली आणि शेवटपर्यंत मिटली नाही. माझं 'तज्ज्ञाचं एक वाक्य' हवेत विरलं.

मग तिने सर्वेक्षणातले कोड सांगितले. घरात येणारा माणूस प्रत्येकाला एक नंबर देतो. स्वतःचा धंदा करणारा ११. घरच्या धंद्यात पगाराशिवाय मदत करणारा २१. फक्त घरकाम करणारी ९२. घरकाम करून शिवाय सरपण, चारा गोळा करणारी किंवा घरच्यापुरतं शिवणटिपण करणारी ९३. यातल्या ९२ आणि ९३ची गणना कामगारांत होत नाही. बायका बसून असतात म्हणून नव्हे बरं का. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २९९ मिनिटं त्यात जात होते, म्हणजे पाच तास, आणि पुरुषांचे ९७. पण अर्थशास्त्राच्या हिशेबात ते बसत नाही. पिगू नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच ही गंमत सांगून ठेवलीय, की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न कमी होतं!

एवढ्यावर सगळे हसले. मग तिने कागद वाटले. 'मला प्रश्नावली तपासून बघायचीय. प्लीज प्रत्येकाने आपल्या आईसाठी भरा.'

पहिला प्रश्न: तुमची आई काम करते का? मी 'नाही'वर टिक केली. पुढे रिकामी जागा होती, तिथे लिहिलं 'गृहिणी'. शाळेच्या फॉर्मवर, कॉलेजच्या फॉर्मवर, पासपोर्टच्या वेळी, कायम हेच लिहीत आलेय. हात आपोआप चालतो.

कागदाच्या मागच्या बाजूला तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीने होता. गेल्या सात दिवसांत तुमच्या आईने यातलं काही पैसे घेऊन केलं का? खाली यादी. डबे देणं. शिकवण्या. पापड, लोणची, मसाले. पाळणाघर. शिवण, फॉल-पिको...

माझी आई फॉल-पिको करते. मी शाळेत होते तेव्हापासून करते. स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या बोळात तिचं मशीन आहे आणि आमच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या साड्या कायम पिशव्यांत घालून खुंटीला लटकलेल्या असतात. माझ्या मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाची फी बाबांच्या पगारात बसत नव्हती, तेव्हा आईने कपाटातून एक डबा काढला होता. त्या डब्यातल्या नोटा सगळ्या शंभरच्या आणि पन्नासच्या होत्या. मी बँकेत रांगेत उभी राहून त्या मोजल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या फॉर्मवर, आईचा व्यवसाय: गृहिणी.

मी टिक केली. पुढचा प्रश्न: आठवड्याला किती तास? मला माहीत नव्हतं. एका साडीला किती वेळ लागतो, तेही माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या मुलाचं पेनही तिथेच अडलं होतं. त्याची आई मसाले करते म्हणे.

कागद गोळा झाले. आमच्यासारख्या सात जणांचं समोरचं आणि मागचं उत्तर वेगळं निघालं. मला वाटलं, आता बाजी बायकांची. घरातले पुरुष बायकांचं काम लपवतात असं काहीतरी ती म्हणेल आणि मी मान डोलवेन. (स्टोरीलाही बरं!) पण तिने टांझानियातल्या एका प्रयोगाचा पेपर काढला, २०११चा. तिथे काही घरांत थोडक्यात विचारलं, काही घरांत खोदून. काही घरांत ज्याचं त्याला विचारलं, काही घरांत दुसऱ्याला. थोडक्यात विचारलं की कामकरी बायकांचं प्रमाण खाली आलं, इथपर्यंत आपल्या अंदाजाप्रमाणे. पण दुसऱ्याने उत्तर दिलं तेव्हा कामात असलेल्या पुरुषांचं प्रमाण कमी झालं! बायकांचे फक्त तास घटले. आणि उत्तर चुकतं ते मुख्यतः उत्तर देणारा बाई आहे की पुरुष यामुळे नाही, तो किती शिकलाय यामुळेही नाही. जास्त फरक पडत होता तो दोघांच्या वयातल्या अंतराने.

म्हणजे नवरा-बायको सोडा. मुलगी आणि आई.

मी समोसा न खाता बाहेर पडले. आवारातल्या कट्ट्यावर बसून घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

'आई काय करतेय?'

'काही नाही, बसलीय.'

मागे मशीनचा आवाज येत होता. मला हसू आलं आणि रडूही. बाबांना काय बोलणार? मीही तेच लिहून आले होते.

'अगं आई, गेल्या आठवड्यात फॉलच्या कामात तुझे किती तास गेले?'

'का गं? काय झालं?'

'काही नाही, सहज. एक फॉर्म आहे.'

'तास कोण मोजतंय? टीव्ही बघता बघता होतं ते. काम कसलं त्यात.'

'बरं, साड्या किती झाल्या?'

'थांब, वही बघते.'

वही! मला वही आहे हेच माहीत नव्हतं. तारीख, साडीचा रंग, कुणाची, किती ठरले, किती आले, किती राहिले. 'आणि ही तिसरी वही आहे, आधीच्या दोन माळ्यावर आहेत,' आई म्हणाली. हातशिलाईच्या फॉलला पाऊण तास लागतो. पैठणी असली तर तासावर, कारण काठावर टाका दिसला तर बाई परत येत नाही. उधारी बुडवणारीच्या नावापुढे छोटी फुली. लग्नसराईत रात्री बारापर्यंत. 'तुझ्या दहावीच्या वर्षी मी कमी केलं होतं,' ती सहज बोलून गेली. 'तुला आवाजाचा त्रास व्हायचा.'

मी काहीच बोलले नाही. तीच म्हणाली, 'फॉर्मवर काय लिहायचंय ते लिही, पण सरकारी नाहीये ना? नाहीतर टॅक्स यायचा.'

संपादकांना मी रात्री मेल केला, की स्टोरीला दोन आठवडे जास्त लागतील आणि हेडिंग बदलेल. ते वैतागले. वैतागणारच. झुंबा ट्रेनरचा फोटोही बाद झाला, तीही वैतागली असणार. नवी स्टोरी छापून आली ती आतल्या पानात, अर्ध्या जागेत.

पण खरी गंमत त्या मेलच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी झाली. आईचा फोन.

'ती तुझी मुलगी आहे ना, फॉर्मवाली, तिला सांग, प्रश्न चुकलाय.'

'कुठला?'

'गेल्या सात दिवसांत असं काय विचारते? आत्ता पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात नवीन साडी कोण घेतं? या आठवड्यात दोनच झाल्या माझ्या, त्यासुद्धा जुन्याच. मग ती लिहिणार, ही बाई रिकामी बसलेली असते. दसऱ्याच्या आठवड्यात विचारलं तर मला बोलायला वेळ नसतो. नाहीतर वर्षाचं विचारावं.'

मी तसंच्या तसं त्या मुलीला पाठवलं. तिचं लगेच उत्तर आलं, की सरकारी सर्वेक्षणात वर्षाचं आणि आठवड्याचं असं दोन्ही विचारतात. आपण सोय म्हणून फक्त आठवडा घेतला होता, आणि दोन तासांत हॉलमधल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. कुठल्या महिन्यात विचारतोय, तो रकानाही ती आता घालणार होती. शेवटी विचारलं होतं, तुमच्या आईंचे आभार पेपरात मानले तर चालतील का, नाव काय लिहू?

मी आईला फोन करून विचारलं.

'नाव कशाला छापायचं? आणि आभार कसले त्यात. तिला म्हणावं, नवरात्र झालं की सवडीने ये, वह्या दाखवते. बरं, ठेवू का? दारात गिऱ्हाईक आलंय.'